वहिनी-वन्संचा विक्रम

नणंद-भावजयीचं भांडण कुठेही होतं. स्वयंपाकघरात होतं, जिन्यात होतं, लग्नघरात तर हमखास होतं. पण जमिनीपासून तीनशे मीटर वर, उभ्या दगडाला बोटांच्या टोकांनी चिकटून, एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेल्या दोघी कपडे धुण्याच्या मशीनवरून एकमेकींचा उद्धार करतायत, असं भांडण एकच होतं, आणि ते बघायला लोक दुर्बिणी घेऊन यायचे. मुलाबाळांना घेऊन यायचे, म्हणजे बघा.

गावाच्या डोक्यावर ही भिंत उभी. भिंत म्हणजे कुणी बांधलेली नव्हे. अख्खा डोंगरच एका बाजूने सुरीने कापल्यासारखा सरळ, पाचशे मीटर उंच. चांगली कसलेली माणसं सकाळी चढायला लागतात, एका कपारीत रात्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी माथ्यावर पोचून फोटो काढतात. वहिनी आणि वन्सं नाश्त्यानंतर चढायला लागायच्या आणि दीड तासाच्या आत माथ्यावर असायच्या. नऊ वर्षं विक्रम त्यांच्या नावावर होता. पायथ्याच्या कुरणात एक लाकडी फलक होता, त्यावर ही दोन नावं पांढऱ्या रंगाने लिहिलेली होती.

वहिनी शाळेची बस चालवायच्या. मागच्या बाकावरच्या कार्ट्याने खिडकीबाहेर हात काढला तर मागे वळूनही न बघता त्याला तो आत घ्यायला लावणारा त्यांचा आवाज. वन्सं, म्हणजे त्यांची नणंद, दातांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. दिवसभर लोकांचं तोंड उघडं ठेवायचं हे त्यांचं काम, आणि स्वतःचं बंद ठेवायची सवय त्यांना कधी लागली नाही. एक दुसरीला वहिनी म्हणायची, दुसरी पहिलीला वन्सं, म्हणून सगळं गावही तसंच म्हणायला लागलं. गावातले म्हातारेसुद्धा म्हणायचे, वन्सं, जरा माझी दाढ बघायला सांगा डॉक्टरांना.

आणि या दोघींच्या मध्ये होते बूटवाले. वहिनींचे नवरे, वन्संचे दादा. त्यांचं दुकान होतं चढाईचे बूट दुरुस्त करायचं. झिजलेला रबरी तळ गरम करून सोलायचा, खालचं चामडं कानशीने खरवडायचं, दोन्हीकडे सोल्युशन लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मग नवा तळ एका फटक्यात बसवायचा. पुन्हा उचलायचा नाही. हात बसलेला कारागीर. पण गावात त्यांची ख्याती बुटांसाठी नव्हती. त्यांची ख्याती एका वाक्यासाठी होती. कुणी काहीही विचारो, बूटवाले चष्मा वर सरकवून म्हणायचे, "मी यात पडत नाही."

हे वाक्य त्यांना घरात सापडलं होतं. झालं होतं असं, की लग्नानंतर सात वर्षांनी वहिनींनी नवाकोरा लाल दोर मशीनमध्ये धुवायला टाकला. मशीनमध्ये वन्संचा दवाखान्यातला पांढरा कोट आधीपासून पडून होता. कोट गुलाबी निघाला. आता कोट मशीनमध्ये विसरणाऱ्या वन्संची चूक, की आत न बघता दोर टाकणाऱ्या वहिनींची? या प्रश्नाचा निकाल अकरा वर्षांत लागला नव्हता. वन्सं वरच्या मजल्यावर राहायच्या, पण जेवायला खाली. टेबलावर बूटवाले मधल्या खुर्चीत. उजवीकडून आवाज यायचा, "सांगा तुमच्या बहिणीला," डावीकडून यायचा, "दादा, सांग तुझ्या बायकोला," आणि दोघींमधलं अंतर हातभर. बूटवाले ताटात बघून म्हणायचे, मी यात पडत नाही. जेवायचे, उठायचे, दुकानात जायचे. दुकानात निदान बूट बोलत नाहीत.

याच गुणामुळे गावाने त्यांना भिंतीचे वेळाधिकारी नेमलं होतं. कोणीही विक्रमासाठी चढायला लागलं की खाली घड्याळ धरून बूटवाले. हातात भोंगा, कारण वर चढणाऱ्यांना मधूनमधून वेळ ओरडून सांगावी लागते. बाकी एक शब्द बोलायचा नाही, उत्तेजन द्यायचं नाही. हे काम करायला गावात यांच्याइतका लायक माणूस नव्हता. स्वतःच्या बायकोची वेळ नोंदतानासुद्धा त्यांचा चेहरा टपाल खात्यातल्यासारखा असायचा.

तर मग एके दिवशी बूटवाल्यांच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला, हात गार पडले, आणि त्यांना तसंच वहिनींच्या शाळेच्या बसमध्ये घालून इस्पितळात नेलं. बाहेरच्या बाकावर वहिनी आणि वन्सं तीन तास बसल्या. काय बोलल्या कोण जाणे. आत आल्या त्या हातात हात घालून, डोळे सुजलेले. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमच्या गळ्याची शपथ, यापुढे आम्ही भांडणार नाही." वन्सं म्हणाल्या, "दादा, तुझ्या गळ्याची शपथ." पाच मिनिटांनी डॉक्टर आले आणि म्हणाले, गॅस आहे, घरी न्या. पण शपथ घेऊन झाली होती.

आणि काय सांगायचं, घरात शांतता आली. बूटवाल्यांना पहिल्या आठवड्यात कानांत दडे बसल्यासारखं वाटलं. मग सवय झाली, मग चटक लागली. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून व्हायला लागला. भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे हे अठरा वर्षांनी समजलं. उजवीकडून, "वन्संना आधी वाढते," डावीकडून, "नको गं वहिनी, तूच घे." बूटवाल्यांना वाटलं, हेच ते सुख म्हणतात ते. आता यातलं काही हलू नये.

पण हललं. जुळे आले. दोन तरणेबांड जुळे भाऊ, सोबत त्यांचा कोच. कोच गळ्यात तीन घड्याळं घालायचा, आणि जुळ्यांच्या कानांत एकमेकांशी बोलायची यंत्रं. ते खायचे मोजून, झोपायचे मोजून, हसायचेही बहुतेक मोजूनच. चांगले सभ्य होते हो पोरगे, दुकानात बूट टाकायला आले तर धन्यवाद दोनदा म्हणायचे. त्यांनी वहिनी-वन्संचा विक्रम चार मिनिटांनी मोडला. बूटवाल्यांनी घड्याळ थांबवलं, वेळ जाहीर केली, आणि त्याच संध्याकाळी फलकावरची जुनी नावं पुसून नवी लिहिली.

 "चांगली पोरं आहेत," वहिनी एवढंच म्हणाल्या. पण पूर्वी शाळेतल्या मुलांना घरी सोडताना त्या बस मुद्दाम कुरणाच्या रस्त्याने न्यायच्या, ती बाजारावरून न्यायला लागल्या. जेवताना अर्धीच पोळी घ्यायच्या. अंगणात कपडे वाळत घालताना भिंतीकडे पाठ. बूटवाल्यांना अगदी आतून वाईट वाटलं. शांतता त्यांना हवी होती, पण ही बाई अशी गप्प झालेली नको होती.

"परत घेऊ या की आपण," एके दिवशी वन्संच म्हणाल्या. वहिनींचा चेहरा असा उजळला की बूटवाल्यांनी पेपर खाली ठेवला. मोसम संपायला तीन आठवडे होते. त्यानंतर ससाणे भिंतीत घरटी करतात आणि पुढचे पाच महिने भिंत बंद. शिवाय वहिनींचा उजवा गुडघा हल्ली जिन्यातही कुरकुरायचा. हा मोसम गेला तर पुढच्याची खात्री नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

सराव सुरू झाला आणि घोडं अडलं. दोघींना आधीपेक्षा अर्धा तास जास्त लागला. बूटवाल्यांनी दुर्बीण लावली तर वर भलताच प्रकार. भिंतीच्या खालच्या भागात एक रुंद कपार आहे. पूर्वी वहिनी तिच्यावर पाऊल टेकवल्या न टेकवल्यासारखं करून पुढे निघायच्या. आता त्या तिथे थांबल्या, वळल्या, आणि अदबीने बाजूला सरकल्या. "या ना वन्सं, टेका जरा." "छे गं, तू हो पुढे." "दमला असाल तुम्ही." "तूच दमली असशील." दोर मध्ये झोळीसारखा लोंबत होता. पुढे कोपऱ्यावर उलटं झालं. वन्सं खाली थांबून राहिल्या, वहिनी वर दोर येईना म्हणून अडकून राहिल्या, आणि दोघी गप्प. एकमेकींना त्रास नको म्हणून गप्प.

तिथे बूटवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. भिंतीवर पुढची बाई वर जाताना भेगांत कड्या अडकवते, त्यांतून दोर नेते, आणि मागची त्या कड्या सोडवत येते. घाईच्या चढाईत दोघी एकाच वेळी चालत असतात. पुढची कोपऱ्याआड गेली की मागचीला दिसत नाही. मग बाकीच्या जोड्या हाका मारतात, दोर सोड, दोर ओढ, थांब, आले, आणि उत्तराची वाट बघत बसतात. जुळ्यांनी त्यावर कानातली यंत्रं आणली. वहिनी-वन्संना यातलं काहीच लागायचं नाही. वहिनींचा आवाज चढला की वन्संना कळायचं, हात लांब गेलाय, दोर सैल द्यायला हवा. वाक्य मध्येच तुटलं की पकड शोधतेय. वन्संनी "आणि वर मलाच" म्हणून दम खाल्ला की वहिनींना कळायचं, खालची कडी निघाली, पळा. भांडण चालू आहे तोवर दोघी एकमेकींना लख्ख दिसायच्या. शपथ घेतली आणि दोघींच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली. गावाला वाटायचं, या बायका भांडत असूनही इतक्या वेगात जातात. त्या भांडत होत्या म्हणूनच जात होत्या.

बूटवाल्यांनी हे जेवताना सांगितलं. दोघींना पटलं. "मग बोलू की," वहिनी म्हणाल्या, "त्यात काय." दुसऱ्या दिवशी बोलल्या. "वन्संऽ, छान चढताय होऽ." "तू पण गंऽ." "केस छान दिसतायत." "तुझा हातही आज छान चाललाय." वीस मीटरांत संपलं. चांगलं बोलायला माणसाजवळ असतं किती? मग वन्संनी पाढे म्हणून बघितले. पण पाढे माणूस सोप्या पकडीवरही त्याच सुरात म्हणतो आणि अवघड पकडीवरही त्याच सुरात, कळणार काय डोंबल? आणि सतराच्या पाढ्यात वन्सं चुकल्या, तेव्हा वहिनींनी इतक्या प्रेमाने सुधारलं की दोघी हिशेब करत दगडाला लटकून राहिल्या.

"भांडा," बूटवाले शेवटी म्हणाले. "शपथ सुटली म्हणतो मी. माझीच होती ना? सुटली."

दोघींनी एकदम डोळ्यांना पदर-रुमाल लावले. "असलं अभद्र बोलू नका," वहिनी म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांना आजाऱ्यासारखा दूध-भात खावा लागला.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काडी लावायचा प्रयत्न केला. हाताला सवय नाही, काडी पेटेना. वन्संना जिन्यात गाठून म्हणाले, "ही म्हणत होती, तुझा आवाज कर्कश आहे." वन्सं विचारात पडल्या. "खरंच आहे रे दादा. मीच जरा हळू बोलायला हवं." आणि त्या दिवसापासून त्या आणखी हळू बोलायला लागल्या. बूटवाल्यांनी हात टेकले.

मोसमाचा शेवटचा रविवार उजाडला. कुरणात ही गर्दी. चहावाला आला होता, जुळे आले होते, कोच आपली तीन घड्याळं घेऊन आला होता. पंच म्हणून दातांचे डॉक्टर होते, वन्संचे साहेब. नियम साधा. पहिलीचा पाय जमिनीवरून सुटला की घड्याळ सुरू. मागचीने माथ्यावरच्या लोखंडी खांबाला हात लावला की तिथला माणूस लाल निशाण हलवणार आणि घड्याळ बंद.

वहिनींनी बूटवाल्यांनीच तळ बसवलेले बूट घातले, नाडी दोनदा बांधली, आणि काही न बोलता निघाल्या. मागून वन्सं. कुरणात कुणी खोकलं तरी ऐकू येत होतं, कारण वरून आवाजच नव्हता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. चहावाला म्हणाला, "आज काय बिघडलंय का यांचं?"

कपारीपर्यंतच त्या मागे पडल्या. बूटवाल्यांनी भोंगा तोंडाला लावून काम म्हणून सांगितलं, "कपार. दोन मिनिटं मागे." आणि दुर्बीण लावली. वहिनी कपारीवर उभ्या होत्या. त्यांनी कपाळ दगडाला टेकवलं होतं. खांदे खाली आले होते. अठरा वर्षं बघितलेली पाठ, तिच्यावरून त्यांना सगळं कळलं. ही आता हरली. आता माथ्यावर जाईल ती नुसती जायचं म्हणून, आणि उद्यापासून बस कायमची बाजारावरून.

बूटवाल्यांनी दुर्बीण खाली घेतली. घरातली टिकटिक आठवली, पेपर आठवला, ती गोड मधली खुर्ची आठवली. अकरा वर्षं जपलेली अब्रू आठवली, कुणाचीच बाजू न घेणारा माणूस म्हणून गावाने दिलेलं घड्याळही हातात होतं. ते त्यांनी डॉक्टरांच्या हातात ठेवलं.

"हे धरा," ते म्हणाले. "मी आता यात पडतो."

आणि भोंगा उचलला. "कोटाच्या बाबतीत," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अख्ख्या कुरणावर घुमला, "चूक माझ्या बायकोची होती. दोर टाकण्याआधी मशीनमध्ये बघायला काय झालं होतं?"

चहावाल्याचा कप भरून वाहायला लागला, त्याला भान नाही. वर दोघी थिजल्या. मग वन्संचा आवाज आला, पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोठा. "दादा, वहिनीला काही बोलायचं काम नाही."

बूटवाल्यांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी दुसरी बाजू घेतली. "बरं. मग चूक तुझी. एवढा पांढरा कोट मशीनमध्ये विसरतं का कुणी?"

"वन्संना बोलायचं नाही," वहिनी वरून गरजल्या. "तुम्हाला काय कळतं त्यातलं? मशीनचं झाकण तरी उघडलंय का कधी?"

"ऐकलंस ना वहिनी, अकरा वर्षांनी तोंड उघडलं, आणि काय उघडलं."

"आणि तेही भोंग्यातून. गावासमोर."

"घरी विचारलं तर ताटात बघायचा."

"ताटात बघायचे आणि ताट तिथेच टाकून उठायचे."

दोर हलला. झोळी गेली, दोर सरसर वर जायला लागला. शपथ होती ती एकमेकींशी भांडायची नाही अशी. नवऱ्याबद्दल शपथेत अवाक्षर नव्हतं. बूटवाल्यांनी दुर्बिणीतून बघितलं, वहिनींचा पाय कपारीवरून सुटला होता आणि वन्संनी कडी काढून कमरेला लावलीसुद्धा होती. म्हणजे एकमेकींशीच भांडण हवं होतं असं नव्हे, नुसता मसाला हवा होता. आणि मसाला म्हणजे आपणच, हे कळायला त्यांना क्षणभर लागला. मग ते सुटले.

"बैठकीतले पडदे मला आवडत नाहीत," ते भोंग्यात म्हणाले.

"पडदे आवडत नाहीत म्हणे. आठ वर्षं त्यांनाच हात पुसतात."

"रविवारचं ते सूप मला आवडत नाही. गरम पाणी लागतं."

"मग दोन वाट्या का पितोस रे?"

"जेवताना माझ्या दातांकडे बघू नकोस. घास उतरत नाही."

"तोंड मिटून चाव ना मग. लहानपणापासून आई सांगून दमली."

"आपल्याच फाटकात शिरताना बसचा हॉर्न वाजवायची काही गरज नाही."

"तुम्ही दुकानात कानात बोळे घालून बसता, फाटक उघडायला काय पिशाच्च येणार आहे?"

वर्षानुवर्षं गिळलेली मतं एकेक करून बाहेर पडायला लागली आणि बूटवाल्यांना, खोटं कशाला बोला, मजा यायला लागली. उशी, पंखा, साबण, दाराची कडी, सगळ्यांवर त्यांना मत होतं. एवढी मतं आपल्याजवळ आहेत हे त्यांनाही माहीत नव्हतं. कुरणातले लोक जमिनीवर लोळत होते. एक म्हाताऱ्या बाई हसता हसता उचकी लागून खाली बसल्या.

तेवढ्यात कोच धावत पंचांकडे आला. "ही बाहेरची मदत आहे. हे नियमात बसत नाही."

डॉक्टरांनी घड्याळावरची नजर काढली नाही. "नवऱ्याला बोल लावणं ही मदत धरायची झाली," ते शांतपणे म्हणाले, "तर माझ्या घरी रोज विक्रम होतो. बसा खाली."

भिंतीच्या वरच्या भागाला पोट आहे. तिथे दगड बाहेर येतो आणि त्याच्या वर गेलं की खालचा भोंगा पोचत नाही. बूटवाल्यांनी भोंगा खाली ठेवला. घसा बसला होता. पण आता वर भोंग्याची गरज राहिली नव्हती. वरून तुकडे पडत होते. "ओला टॉवेल." "गादीवरऽ." "सगळ्या गावाचे बूट शिवतात, माझ्या चपलेचा अंगठा सहा महिने." मग वन्संनी बालपण काढलं, जे वहिनींनाही माहीत नव्हतं. "आठवीपर्यंत, वहिनी, आठवीपर्यंत हा दिवा लावून झोपायचा." त्यावर वहिनी हसल्या. पाचशे मीटर भिंतीच्या अगदी वरच्या टोकाकडून ते हसणं खाली आलं, आणि बूटवाले लाल कानांनी, मान खाली घालून ऐकत राहिले.

लाल निशाण हललं. डॉक्टरांनी घड्याळ दाबलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि मग सांगितलं. जुळ्यांपेक्षा तीन मिनिटं कमी. कुरणात जो गलका झाला तो सांगण्यात अर्थ नाही. जुळे टाळ्या वाजवत होते. कोच आपली तिन्ही घड्याळं कानाला लावून बघत होता.

बूटवाले एका दगडावर बसले. विक्रम परत आला होता आणि त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्याबरोबर हेही दिसत होतं की घरातली शांतता संपली, वेळाधिकारी म्हणून अब्रू संपली, आणि उद्यापासून बुटांचं प्रत्येक गिऱ्हाईक आठवीतल्या दिव्याबद्दल विचारणार.

डोंगराच्या मागच्या वाटेने दोघी उतरून आल्या. लोक पुढे धावले, पण वहिनी गर्दीतून सरळ चालत आल्या आणि त्यांच्या शेजारी दगडावर बसल्या. वन्सं कमरेवर हात ठेवून समोर उभ्या.

"पडदे खरंच आवडत नाहीत?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"आणि सूप?"

"नाही."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"घरात शांतता राहावी म्हणून."

वहिनी बुटाची नाडी सोडायला लागल्या. "मला वाटायचं, तुम्हाला आमचं काही वाटतच नाही," त्या म्हणाल्या. हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. शाळेच्या बसमधला तो आवाज असा बारीक झालेला बूटवाल्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांना कुणीतरी छातीवर बुक्की मारल्यासारखं झालं, आणि हा गॅस नव्हता.

"वाटतं," ते म्हणाले.

"काय वाटतं?" वन्संनी दरडावून विचारलं. "आता सगळं बोलून बसलायस, तर तेही बोल."

बूटवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "भीती वाटते," ते म्हणाले. "तुम्ही दोघी वर गेलात की मला भीती वाटते. दर वेळी वाटते. इतक्या वर्षांत एकदाही वाटली नाही असं झालं नाही. घड्याळ घट्ट धरून ठेवतो, म्हणून ते कुणाला दिसत नाही. तुम्ही खाली येईपर्यंत मी नुसता मोजत बसतो. मला हे तुमचं चढणं अजिबात आवडत नाही."

 वन्संनी कमरेवरचे हात खाली घेतले आणि त्यासुद्धा दगडावर बसल्या, दादाच्या दुसऱ्या बाजूला. वहिनींनी एक बूट काढला, दुसरा तसाच राहू दिला, आणि त्यांच्याकडे वळल्या.

"मग हे आधी नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या. "अजून लवकर आलो असतो."